शोभाताईंच्या वावरातली बनियन

बनियन जशीच्या तशी बाहेर आली. धुऊन इस्त्री केली असती तर लग्नाला घालून जाता आलं असतं.

तपासणीला आलेले कृषी खात्याचे साहेब माझ्याकडे पाहत होते. मी इथली कृषी सहायक; अल्लीपूरच्या शिवारातला हा डेमो, म्हणजे शेतात करून दाखवायचा प्रयोग, माझाच. तसा अगदी सोपा. सुती बनियन ओलिताच्या मातीत पुरायची, अडीच महिन्यांनी उकरायची. माती जिवंत असेल तर तिच्यातले जिवाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, सूत खाऊन फस्त करतात.

कापूस वेचून झाला की आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवून देतात. त्यात वरच्या थरातले जिवाणू होरपळतात, त्यांचं खाणंही जळतं. शोभाताई आपल्या एका एकरात दोन वर्षं पऱ्हाटी बारीक करून मातीत मिसळत होत्या. नवरा नामदेवराव उरलेल्या चार एकरांत जाळायचे. दोघांची पैज लागली. ताईंची बनियन मातीने खाल्ली तर यंदा कुठेच काडी लावायची नाही. नाही खाल्ली तर ताईंचा एकरही पेटणार.

नामदेवरावांच्या भागातली बनियन शाबूत निघाली होती. आता ताईंचीही. नामदेवरावांनी लगेच खिशातून माचिस काढली. ताईंचा चेहरा उतरला. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

मला काय सुचलं कोण जाणे, तीच माचिस मागून घेतली आणि बनियनचा एक धागा पेटवला. सुताची राख होते. याची वितळून कडक गोळी झाली. पॉलिस्टर!

"ताई, सुती सांगितली होती ना?"

"सुती साऱ्या भोकाच्या होत्या, म्याडम. साहेबासमोर तशी कशी काढू? म्हणून दोन्ही जागी नव्याच पुरल्या. माह्यावाली मळू नाई म्हणून ह्यायच्या धोतरात गुंडाळली."

"धोतर सुती होतं?"

"सुतीच त."

साहेबांसकट आम्ही सगळे खड्ड्याशी गुडघ्यावर बसलो. माती चाळली. चार गांडुळं सापडली आणि धोतराच्या काठाचे दोन जरीचे धागे. बाकी धोतर गायब. मला इतकं हसू आलं की तिथेच फतकल मारली. साहेब टोपीआड तोंड लपवून हसत होते.

"माह्यं धोतर?" नामदेवराव म्हणाले. "मी दिवाळीपासून शोधून राह्यलो ते."

मग त्यांनी माझ्याकडून माचिस परत घेतली आणि गुपचूप ताईंच्या हातात दिली.

"नाई पेटवत. पण रिपोर्टात धोतर नका लिहू, म्याडम."

मी लिहिलं: सुती कापड, एक नग, पूर्ण कुजले.

तेव्हापासून डेमोचं कापड मी स्वतः नेते. साहेब येणार म्हटलं की माणसं घरातलं सगळ्यात चांगलं तेच काढतात, आणि जिवाणूंना नेमकं तेच चालत नाही.