फ्रीज चालू आहे ना?

मॅडमनी मला फोनवर कधी ‘हॅलो’ म्हटलं नाही. फोन उचलला की पहिला प्रश्न, “फ्रीज चालू आहे ना?” मसोलीतल्या माझ्या छोट्याशा लॅबमध्ये आल्या की चपला काढण्याआधी फ्रीजच्या दाराला उलटा हात लावायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. “बरा आहे हो तो,” मी चिडवायचे. त्या हसायच्या नाहीत.

अशी घाबरट माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ती बहुधा स्वतःसाठी घाबरतात. मॅडम विद्यापीठात कंत्राटावर शिकवायच्या. सिकलसेल या रक्ताच्या आजारात रुग्णाला मधूनच हाडं पिळवटणारी कळ येते. ती कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. रक्तावरून ती आधी ओळखता येईल, असं मॅडमचं म्हणणं होतं. नुसतं म्हणणंच, पुरावा नव्हता. त्यासाठी त्या रुग्णांचं रक्त घेऊन माझ्या फ्रीजमध्ये ठेवायच्या.

“बाहेरचे पैसे देणारे म्हणतात, आधी पुरावा दाखवा, मग पैसे. आणि पुरावा तरी फुकट मिळतो का? म्हणून सुरुवातीचं वर्षभर आमचं विद्यापीठच देतं,” त्या सांगायच्या. “कळ यायच्या आधी रक्तानं सांगितलं, असं एकदा तरी विद्यापीठाच्या समितीला दाखवता आलं पाहिजे. नाहीतर बंद.”

‘बंद’ म्हणताना त्यांची नजर फ्रीजकडे जायची.

रक्त देणाऱ्यांत उधवा गावची एक लहान मुलगी होती. तिची आई दर वेळी विचारायची, “बाई, रगत नेता, पन माज्या पोरीला काय व्हनार नाय ना?” मॅडम “नाही हो ताई” म्हणायच्या आणि गाडीत बसल्यावर कपाळाचा घाम पुसायच्या.

एकदा त्या मुलीचं रक्त माझ्याकडे ठेवून मॅडम तलासरीला गेल्या आणि इकडे लाइट गेली. इन्व्हर्टरवर माझा फ्रीज चालत नाही. मी रक्ताची नळी हातात घेऊन दारात आले. समोर मासळी विकायला बसणारी मावशी म्हणाली, “दे इकडं, माज्या पेटीत ठेव. बरफ हाय.” मला हायसं वाटलं.

मॅडम परतल्या तेव्हा मावशीनं मोठ्या कौतुकानं पेटी उघडली. “बरफ पानी व्हायला लागला गो, म्हनून मूठभर मीठ टाकला. आता कसा कडक गार हाय बघ!”

मासळीला ती करते तेच तिनं केलं होतं. मिठानं बर्फ जास्तच गार झाला आणि रक्त गोठलं. नळीत नंतर कोकम सरबतासारखं लाल पाणी उरलं. पेशी सगळ्या फुटल्या होत्या, आणि मॅडमची चाचणी अख्ख्या पेशींवर चालायची.

त्या रागावतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. मॅडम मावशीला म्हणाल्या, “फार जपलंत हो तुम्ही.” मग आत जाऊन त्यांनी बेसिनचा नळ सोडला. बराच वेळ तो वाहत होता.

दोनच दिवसांत उधव्याच्या त्या मुलीला कळ आली.

“ते कळेच्या आधीचं रक्त होतं,” मॅडम मला म्हणाल्या. “आपल्या हातात होतं.” 

समितीसमोर ठेवायला तसं दुसरं रक्त मिळालं नाही. पैसे थांबले, पुढं कंत्राटही संपलं. मॅडम लांबच्या शहरात नोकरीला गेल्या. फ्रीजमधला त्यांचा कप्पा मी अजून रिकामा ठेवते, का ते मला सांगता येणार नाही.

परवा भर दुपारी उधव्याची ती आई दारात उभी राहिली. कडेवर पोर, अंग चोरून घेतलेली, एकदम गप्प. “सकाळपास्नं गुडघा धरून हाय. मॅडमला सांगा ना, रगत बघा. कळ येनार काय?”

मी रिक्षावाल्याला हाक मारली आणि मॅडमना फोन लावला.

“फ्रीज चालू आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

“थांबू नका. पाणी पाजत राहा, पांघरूण घाला, आधी दवाखाना गाठा. आणि रक्त...”  ते घेऊन बघणार कोण होतं आता?

फोन कानाला तसाच धरून मी रिक्षाकडे धावले. आईनं पोरीला सीटवर ठेवायला जरा वाकवलं, आणि ती अशी किंचाळली की समोरची मावशी हातातली मासळी टाकून उठली.

फोनमध्ये मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“आली ना कळ?”