लिनक्सवाले साहेब

उधन्याच्या डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, मी फिटर होतो, तेव्हा ते आठवड्यातून दोनदा यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. सगळेच त्यांना लिनक्सवाले साहेब म्हणत. कापड ओढणारे रूळ त्यांनी संगणकाला जोडले होते. माणसाचा हात जवळ गेला की संगणकाने रूळ त्याच क्षणी थांबवायचे, हे त्यांचं काम. बशीत ओतलेला चहा विसरून ते पडद्याशी हळूच बोलायचे, "चल, ऊठ लवकर."

मी विचारलं तर म्हणाले, "भाऊ, संगणक चालवणारी ही लिनक्स हुशार आहे, पण हातातलं काम टाकून उठायला कुरकुरते. तेवढं शिकवतोय तिला."

चाचणीला हाताऐवजी लाकडी पट्टी धरून दिवसभर रूळ थांबवून पाहिले. एकदाच उशीर झाला, तोही डोळ्याला न कळण्याइतका. पडद्यावर दिसला म्हणून समजलं. मिलचे मालक शेठ म्हणाले, "एक बार लेट हुआ तो क्या हुआ? चालू करो."

साहेबांनी संगणकाची वायर काढून खिशात घातली. "आज पट्टी होती, शेठ," एवढंच म्हणाले. मग शेठचे टोमणे ऐकत तीन दिवस चूक शोधत बसले, आणि ती सापडल्यावरच वायर परत जोडली.

पुढे दिवाळीच्या घाईत माझी बाही रुळांत ओढली गेली. बोटं पोचायच्या आत रूळ थांबले. साहेब आल्यावर मी हसत हसत त्यांना ते सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं.