तारखेचा रिकामा रकाना

दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याचा आदला दिवस. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. वसई गावाकडच्या वाड्यांमधलं एक हायस्कूल, आठवी ब. पटावर त्रेचाळीस, हजर एकोणीस. वर्गात गणिताच्या घरत बाई, दारात मी.

हे असं, तारखेसकट, मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आकडे सांगितले — आकडे तर फार जणांना सांगितले. तारीख तेवढी सांगितली नाही.

मी एका गोदामात मालाच्या मोजणीचं काम बघतो. बावीस वर्षं झाली. मोजणीच्या कागदावर सगळ्यात आधी तारीख टाकायची, मग बाकीचं. तारीख नसेल तर ती मोजणीच नव्हे, असं मी हाताखालच्या लोकांना बजावत असतो. कित्येकांचे कागद मी याच कारणावरून परत केले आहेत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं विसरून झालं असं तुम्हाला वाटायला नको.

केतकी, आमची मुलगी, तेव्हा सातवीत होती. तिची शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी दोन शाळा समोर होत्या, दोन्ही अनुदानित, दोन्ही मराठी माध्यमाच्या. एक स्टेशनजवळची, मोठी. दुसरी ही वाड्यांमधली. सुरेखा, माझी बायको, त्याच वाड्यांमध्ये वाढली, त्याच शाळेत शिकली. तिचा कल कुठे होता हे सांगायला नको. पण ती म्हणाली, "तुम्ही दोन्ही बघून या, कागदावर मांडा. तुमचा कागद म्हणेल ते करू."

माझा कागद! लग्नाला सतरा वर्षं झाली होती. फ्रिज घेतला तो माझ्या कागदावर, नायगावचा फ्लॅट घेतला तो माझ्या कागदावर. तिचा त्या कागदावर माझ्याहून जास्त विश्वास.

मी चौदा ओळी आखल्या. शिक्षक किती, वर्गात मुलं किती, प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं की नुसतं लटकतं, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का, मैदान, बस, दहावीचा निकाल. दोन्ही शाळांत दोन-दोनदा गेलो. नळ स्वतः सोडून बघितले. आणि कागद पुरा होत आला तेव्हा मी चक्रावलो. वाड्यांमधली शाळा पुढे होती. थोडीथोडकी नाही — सात ओळींत पुढे, चारांत मागे, दोन बरोबरीत. एकच ओळ भरायची राहिली होती, हजेरीची.

का चक्रावलो मी? बायको जिंकत होती म्हणून? नाही. हे लिहिताना हात थांबतो आहे — मला त्या मुलांमध्ये केतकी बसायला नको होती. पहाटे वाडीत राबून, मातीच्या पायांनी शाळेत येणारी ती मुलं. मी स्वतः खेड्यातल्या शाळेतून वर आलो, आणि मला वाटायचं की आता पुन्हा तिकडे तोंड नको. पण ती मुलं म्हणजे कोण? सुरेखाचीच माणसं ना? हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो मी? त्यापेक्षा आकड्याने सांगितलेलं बरं.

तर ती हजेरी. स्टेशनजवळच्या शाळेत मी एका साध्या बुधवारी मोजली होती. पंचावन्नपैकी बावन्न. तारीख टाकली. वाड्यांमधल्या शाळेत मोजली ती पाडव्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी वाड्यांमध्ये मोगऱ्याच्या कळ्या खुडायला घरातलं लहानमोठं प्रत्येक माणूस लागतं. दुसऱ्या दिवशी गुढीला फुलं हवीत सगळ्या मुंबईला. घरत बाईंनीच सांगितलं मला, हसत सांगितलं. "आज काय बघता? आज माझी निम्मी मुलं मोगऱ्यात आहेत. सण झाला की या, भरलेला वर्ग दाखवते."

म्हणजे मला माहीत होतं. मोजताना माहीत होतं, घरी येऊन कागदावर उतरवताना माहीत होतं. त्रेचाळीसपैकी एकोणीस. आकड्यात एका मुलाचाही फरक नाही. शेजारचा तारखेचा रकाना मी रिकामा ठेवला.

सुरेखाने कागद दोनदा वाचला. तिचा चेहरा उतरला. "इतकी कमी? आमच्या वेळी असं नव्हतं." मग बोट ठेवून विचारलं, "ही हजेरी कधीची हो?"

"गेल्या आठवड्यातली," मी म्हणालो.

तेही खरंच होतं. त्या दिवशी मी एकही खोटा शब्द बोललो नाही.

केतकी स्टेशनजवळच्या शाळेत गेली. एवढ्यावर थांबलं असतं तरी ते माझ्या घरातलं पाप राहिलं असतं. पण सुरेखाने कागदाचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिला वाटलं, आपण केलेल्या कष्टाचा चार जणांना उपयोग होईल. आमच्या तीन इमारतींतली अकरा मुलं त्या वर्षी वाड्यांमधल्या शाळेत जाणार होती. गेली दोन. लोक मला लिफ्टमध्ये थांबवून आभार मानत. एक जण म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळे वाचलो!" मी हसलो. काय करायला हवं होतं मी? एका ओळीचं काम होतं — 'ती मोजणी पाडव्याच्या आदल्या दिवसाची आहे.' टाइप करायला अर्धं मिनिट. मी हसलो.

गेल्या महिन्यात जनार्दनराव घरी आले. सुरेखाचे थोरले भाऊ, त्याच शाळेचे माजी विद्यार्थी. हातात पावतीपुस्तक. घरत बाईंच्या निरोप समारंभाची वर्गणी. मला वाटलं, बढती असेल; तसं विचारलंही. "कसली बढती, भावोजी?" ते म्हणाले. "आठवी ब बंद झाली. पट घसरला, बाई अतिरिक्त ठरल्या. आता जव्हारच्या पुढं जानार. घरी सासू अंथरुनाला खिललेली, पोरगी दुसरीत. ब तुकडी उभी होती ती फ्लॅटवाल्यांच्या पोरांवर. ते फिरले. कोनीतरी कसला कागद फिरवला बोलतात."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी टेबलावर ठेवला, की आधीच ठेवलेला होता, मला आठवत नाही. आता सुरेखा माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिने बघितलं नाही. भावाला म्हणाली, "दादा, तो कागद यांचाच. पण आकडे खरे होते. यांचे आकडे चुकत नाहीत, तुला माहितेय."

जनार्दनराव ओशाळले. माझ्यासमोर — ते ओशाळले! "नाय नाय, भावोजींचा कागद असंल तर प्रश्नच नाय. मंग शालेचाच दोष."

मी त्यांना आणखी चहा विचारला.

आणि अजून एक राहिलं आहे. इतका वेळ त्याच्या आजूबाजूनेच फिरतो आहे. बाई म्हणाल्या होत्या, सण झाला की या. मी गेलो होतो. पाडव्यानंतर दोन दिवसांनी, कागद सुरेखाला दाखवायच्या आधी. म्हणूनच तर वर 'दोन-दोनदा' लिहिलं. बाईंनी मला दारात बघितलं आणि मुलांना म्हणाल्या, "मोजू द्या रे काकांना, हलू नका." मुलं खुसखुसत ताठ बसली. मी मोजली. एक्केचाळीस. खिशातल्या डायरीत लिहिली, तारखेसकट. ती डायरी कपाटात वरच्या खणात आहे. कागदावर ती मोजणी मी घेतलीच नाही.

सुरेखा आत गेली, पाकीट घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं. पाचशे एक रुपये, घरत बाईंच्या निरोप समारंभासाठी, जनार्दनरावांकडे रोख दिले. त्यांनी पावती फाडली. मी ती सवयीने वाचली. नाव बरोबर, रक्कम बरोबर. वरच्या कोपऱ्यात त्यांनी नीट अक्षरात तारीख घातली होती.