पवनचक्कीखाली ठेवलेले बटेर

आमच्या अवधपुरीच्या घरात फ्रीजरचा खालचा कप्पा माझा आहे, हे आईनं आजतागायत मान्य केलेलं नाही. त्यात मेलेले बटेर, म्हणजे लावे पक्षी, असतात. खायचे नव्हेत, कामाचे.

"लोकांच्या मुली आइसक्रीम ठेवतात," आई म्हणते, "आमची मयत ठेवते."

मी जीवशास्त्रज्ञ. पवनचक्क्या, सौर प्रकल्प, विजेच्या तारा यांच्यामुळे प्राण्यापक्ष्यांच्या वस्तीचं काय होतं, ते तपासून अहवाल लिहिणं हा माझा पेशा. पवनचक्कीखाली फिरून मेलेले पक्षी मोजायचे, हे त्यातलंच एक काम. पण सगळे सापडत नाहीत. कुत्री, कोल्हे, मुंगूस आधीच उचलून नेतात. म्हणून आपणच मेलेले बटेर गवतात ठेवायचे आणि किती टिकतात ते बघायचं. त्यावरून अंदाज येतो, की सापडलेल्या एकामागे न सापडलेले किती असतील.

बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. नागपूर सोडून ते इथं हिंदी मुलखात, मोठ्या कारखान्यात आले आणि तपासणी विभागातूनच निवृत्त झाले. "म्हणजे तपासनिसाचीच तपासणी," ते खूश होऊन म्हणाले. "आम्हीपण चांगल्या मालात मुद्दाम एखादा तडकलेला पार्ट सरकवायचो. बघू, पोरं पकडतात का!"

देवासकडच्या पठारावर पवनचक्क्यांची पहिली रांग उभी राहिली, तेव्हा मी तिथं बटेर ठेवले. सकाळी जाऊन पाहते तर जवळजवळ सगळे गायब. पिसंसुद्धा नाहीत. म्हणजे आम्हाला सापडलेल्या मोजक्या पक्ष्यांवर विसंबण्यात अर्थच नव्हता. मी अहवालात तसं एक प्रकरण लिहिलं. लगेच अहवाल करून घेणाऱ्या पवनचक्की कंपनीच्या मॅनेजरचा फोन.

"मॅडम, जो मिला वो लिखिए. जो मिला ही नहीं, उसको काहे गिन रही हैं? भूत गिनना है क्या?"

मी भांडले. पुष्कळ भांडले. आणि मग ते प्रकरण काढून टाकलं. आपण भांडलो होतो ना, या समाधानावर पुढे बरेच दिवस काढले, हे त्याहून वाईट.

अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. 'शोधात मोजकेच मृत पक्षी आढळले.' तेवढेच आढळले होते.

बाबांनी तो अहवाल चष्मा लावून चाळला. "बटेरांचं कुठंय?"

"परिशिष्टात," मी म्हटलं.

परिशिष्टातही नव्हतं. पण बाबांनी मान डोलावून अहवाल मिटला. जन्मभर दुसऱ्यांचा माल ठोकून बघितलेल्या माणसानं मुलीचा माल तसाच पास केला.

तिथं संपलं असतं तरी चाललं असतं. पण कॉलनीच्या बागेत सकाळी निवृत्तांची मंडळी जमते आणि त्यांना जगातला प्रत्येक विषय लागतो. तिथं एका गृहस्थांनी म्हटलं, "ये पंखे चिड़ियों को काट डालते हैं." बाबा उसळले, "बिल्कुल गलत! मेरी बेटी ने खुद जाँच की है." त्या गृहस्थांना गप्प बसावं लागलं. मग तो विषय दर हिवाळ्यात निघायचा, दर वेळी बाबा जिंकायचे आणि घरी येऊन मला कौतुकानं सांगायचे. मी चिडायचे. "कशाला बोलता त्यावर? त्या लोकांना काही उद्योग नाहीत का?" बाबा हिरमुसून पेपर उघडायचे. माझं काय बिनसतं, ते त्यांना कळायचं नाही.

यंदा त्याच कंपनीला दुसरी रांग हवी आहे, पठाराच्या कडेच्या गवताळ पट्ट्यात. तिथं हिवाळ्यात भोवत्ये येतात. जमिनीलगत तरंगत शिकार करणारे हे पक्षी रात्री त्याच गवतात, चक्क जमिनीवर झोपतात. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पिछली बार वाला फिगर ही चला दीजिए. आप ही का तो है."

माझाच होता. त्याच्याच जोरावर त्या गवतात पाती फिरणार होती. इतकी वर्षं मी त्या माणसावर वैतागत आले, आणि तो तर फक्त माझंच मला परत देत होता.

मी जुनं प्रकरण शोधून काढलं. नव्यानं बटेर ठेवून पाहिले, तीच गत. जुनं-नवं दोन्ही या नव्या अहवालात घातलं, खाली लिहिलं की मागच्या वेळी हे मी स्वतः वगळलं होतं, आणि कंपनीसोबत परवानगी देणाऱ्या सरकारी समितीलाही पाठवून दिलं. मॅनेजर ओरडलासुद्धा नाही. "अपने ही पैर पे कुल्हाड़ी मार ली आपने," एवढंच म्हणाला.

खरी पंचाईत घरी होती. चहाच्या वेळी म्हटलं, "बाबा, ते परिशिष्टात नव्हतं."

"काय?"

"बटेरांचं. मी काढून टाकलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, मी त्या भल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं!"

"मी सांगितलं होतं का तुम्हाला भांडायला?" माझा तोच जुना सूर. मग मात्र माझी मलाच लाज वाटली.

आज सकाळी ते बागेतून उशिरा आले. "सांगितलं त्याला. म्हटलं, जाँच अधूरी थी, अब पूरी हो गई."

"अधुरी नव्हती, बाबा. पूर्ण होती. मी लपवली."

ते माझ्याकडे पाठ करून दुधाच्या पिशव्या फ्रीजमध्ये लावू लागले. "ते माझ्याच्यानं नाही बोलवलं," म्हणाले. "उद्या तू चल."

मी त्या वेळेला उठत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी मी माझे बूट दाराशी काढून ठेवलेत. बागेतले ते गृहस्थ आता किती समजूतदारपणे हसतील, या विचारानं आत्तापासूनच डोकं फिरलंय.