तळहातावरचं दही

सरकारी इस्पितळातल्या बाकावर मी लेकीला घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने डबी उघडली आणि आपल्या दहावीतल्या मुलीच्या तळहातावर दही-साखर ठेवली. "घाबरू नकोस. नीट वाच," ती म्हणाली. मुलगी आत गेली.

आत मानसतज्ज्ञ मुलांना वाचायला, लिहायला लावून पाहतात. अक्षरं खरंच अडतात असं ठरलं, तरच बोर्डाच्या पेपरला जादा वेळ मिळतो. म्हणजे इथे जी चांगलं वाचेल, तिच्या हाती काहीच लागायचं नाही. इतकी वर्षं घरीदारी जे झाकलं, ते परक्या माणसासमोर उघडं करायचं, आणि त्याला ते कमी वाटू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडायचे. कुठल्या देवाला सांगायचं हे?

मुलगी रडतच बाहेर आली. "आई, एक उताराही धड वाचता आला नाही गं."

"बरं झालं," आई बोलून गेली, आणि तिने पदर तोंडावर दाबला. मुलगी तिच्याकडे बघतच राहिली.

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. माझ्याही पिशवीत दह्याची डबी होती.

लेकीने सवयीने तळहात पुढे केला.