नवा कॅमेरा, एडिनबरा आणि नानांचा फोटो

मँचेस्टरहून एडिनबराची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कॅमेरा होता आणि नानांच्या मांडीवर माझी बॅग. वर फळीवर जागा होती, पण मला दोन्ही लेन्सेस हाताशी हव्या होत्या. नाना म्हणाले, "राहू द्या प्रसादराव, मी धरतो. मला काय काम आहे?"

नाना म्हणजे माझे सासरे. नागपूरचे, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून मृणाल, माझी बायको, इकडे या म्हणून नानांच्या मागे लागली होती. शेवटी ते सहा आठवड्यांसाठी आले आणि आम्ही त्यांना स्कॉटलंड दाखवायला निघालो. बरोबर आमची आठ वर्षांची इरा. तिचा जन्म इकडचा, त्यामुळे तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "नाना, तुमची चष्मा खाली आली," असं म्हणून ती त्यांचा चष्मा वर सरकवायची आणि नाना तेवढ्यासाठी तो मुद्दाम खाली आणायचे.

सहल नानांसाठी होती हे मी आत्ता लिहितो आहे. त्या सकाळी मी निघालो होतो कॅमेऱ्यासाठी. बाजारात नुकताच आलेला मिररलेस, आदल्या दिवशी घरी पोचलेला. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. वजनाला हलका, आवाज जवळजवळ नाहीच. मँचेस्टरमधल्या आम्हा आठदहा हौशी मराठी फोटोग्राफरांचा एक ग्रुप आहे. तिथे सोमवारी या कॅमेऱ्याबद्दलचं पहिलं मत लिहितो म्हणून मी जाहीर करून बसलो होतो. याला माणसांचे चेहरे शिकवता येतात. आपली माणसं एकदा नोंदवून ठेवली की चौकटीत कितीही चेहरे असोत, हा त्यातला आपल्या माणसाचा डोळा शोधतो आणि फोकस तिथेच धरतो. मी रात्रीच्या जेवणाआधी स्वयंपाकघरात मृणालला आणि इराला नोंदवलं होतं. पहिल्या क्रमांकावर इरा, दुसऱ्यावर मृणाल.

एडिनबराचं स्टेशन खड्ड्यात आहे. बाहेर पडून दगडी पायऱ्या चढायच्या, आणि वर आलं की वारा अंगावर येतो. समोर काळ्या कातळावर किल्ला. नाना कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले. "एवढ्या खडकावर साखळी कशी टाकली असेल यांनी?" ते म्हणाले. त्यांच्या खात्यात पूर्वी जमीन साखळीनं मोजत. मी हो-हो म्हणालो. मी तेव्हा किल्ल्यावर उडणाऱ्या कावळ्याच्या डोळ्यावर फोकस बसतो का ते पाहत होतो. बसला.

जुन्या शहरात मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लोज (दोन उंच इमारतींमधले अरुंद बोळ) आहेत. भिंती काळवंडलेल्या आणि खाली टोकाला उजेडाची एक फट. फोटोला यासारखी जागा नाही. "नाना, जरा बाजूला," मी म्हणायचो. मग, "नाना, अजून थोडं." दुपारपर्यंत मी कॅमेरा उचलला की ते आपणहून भिंतीला चिकटून उभे राहू लागले. मला ते सोयीचं वाटलं.

जेवायला एका पबमध्ये शाकाहारी हॅगिस मिळालं. हॅगिस मूळचं मेंढीच्या काळजाबिळजाचं. हे डाळी आणि ओट्सचं, वर भरपूर मिरपूड. नानांनी एक घास चाखला आणि म्हणाले, "आपला तिखट सांजाच तर आहे बाप्पा." शेवटी पबवाल्या बाईंनी विचारलं, टॅब्लेट घेणार का. नाना दचकले. "गोळी कशाला? मला काय झालं?" टॅब्लेट म्हणजे साखर, लोणी आणि दूध आटवून केलेली वडी. कंदी पेढ्याचा कडक भाऊ म्हणावा असा. त्या बाईंना आम्ही का हसतोय ते सांगितल्यावर त्यांनी नानांना दोन वड्या जास्तीच्या बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला नाना कोट आणि टाय घालून आले. आम्ही समुद्रावर निघालो होतो, मृणाल हसली. नाना माझ्याकडे वळले.

"प्रसादराव, तुमचा एवढा मोठा कॅमेरा आहे. माझा एक बरा फोटो काढून ठेवा."

"काढू की."

"तसा नाही. एकट्याचा. भिंतीवर लावायचा."

मृणालनं चमचा खाली ठेवला. "बाबा, सकाळी सकाळी काय हे?"

"त्यात काय आहे? तुझ्या आईच्या वेळी पाहिलं ना आपण? एक धड फोटो नव्हता तिचा. कुणाच्या तरी बारशातल्या ग्रुपमधून कापून मोठा केला. तिच्या खांद्यावर कुणाची तरी तीन बोटं राहिलीत अजून. रोज दिवा लावताना मला ती बोटंच दिसतात. माझ्या वेळी तुमची शोधाशोध नको."

इतक्या साध्या आवाजात बोलले की मीही साधेपणानं म्हणालो, "आज काढून टाकू." एखादं बिल भरून टाकू म्हणतात तसं.

एडिनबराहून अर्ध्या तासावर नॉर्थ बेरिक. छोटं गाव, छोटं बंदर आणि समोर समुद्रात एक प्रचंड खडक. तो दुरून पांढरा दिसतो. चुना नव्हे, गॅनेट पक्षी, हजारोंनी बसलेले. ते उंचावरून पंख मिटून पाण्यात सुळकन पडतात. हे पाहिलं आणि माझे हात शिवशिवायला लागले. पण शब्द दिला होता. बंदराच्या बुटक्या भिंतीवर मी नानांना बसवलं. त्यांनी टाय सरळ केला, केसांवर हात फिरवला आणि निश्चल झाले. खात्यात तीसेक वर्षं ते दुर्बिणीच्या मागे असायचे. समोर पट्टी धरून दुसरं कुणीतरी उभं असायचं. हलायचं नाही म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. मागे, थोड्या अंतरावर, इरा वाळूत शिंपले वेचत होती. वर बघून तिनं हात हलवला. छान दिसेल, असू दे मागे, असं मला वाटलं.

कॅमेरा सेकंदाला तीस फोटो काढतो. मी दोन सेकंद बटण दाबून धरलं. "झालं."

"झालं?" नाना तसेच बसून होते. "एकदा तपासून घ्या. आम्ही प्रत्येक रीडिंग दोनदा घ्यायचो."

"नाना, हा चुकत नाही."

आणि मी गॅनेटकडे वळलो.

तासाभरानं मृणालनं चिप्स आणल्या. नानांनी कागदाचा पुडा हातात घेतला तोच एक सीगल खाली आला. मी दहा पावलांवर होतो. पुडा फाटला, चिप्स उडाल्या, नाना "अरे अरे" करत हात झाडत होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मी पुढे धावलो नाही. मी फोटो काढत राहिलो. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एक आजीबाई माझ्या पुढून गेल्या, त्यांनी नानांचा हात धरला, खिशातला रुमाल त्यांच्या अंगठ्यावर दाबला. रक्त येत होतं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

"हो. सासरे आहेत माझे."

"असं," त्या म्हणाल्या. एवढंच. रुमाल नानांकडेच ठेवून निघून गेल्या.

दुपारी पुन्हा एक फोटो घेऊ असं मनात आलं होतं, पण तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. आधी खडक गेला, मग बंदर, मग समोरचे दिवे. स्टेशनवरच्या माणसानं सांगितलं, याला इकडे हार म्हणतात. नानांनी मला पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"हार? म्हणजे हार आधी आला," ते हसून म्हणाले. "चला, फोटो काढून झाला ते बरं."

रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी फोटो लॅपटॉपवर घेतले. सीगलचा फोटो अप्रतिम होता. पिसन् पीस, पिवळ्या डोळ्याभोवतीचं लाल कडं. नानांचा हात मागे पुसट. मग बंदरावरचे साठ फोटो उघडले. पहिल्यात इरा होती. लहानशी, दूर, पण पापण्या मोजता याव्यात इतकी स्पष्ट. पुढे, चौकटीच्या मधोमध, कोट-टायमधला एक धूसर माणूस. दुसरा फोटो तसाच. साठही तसेच. कॅमेरा चुकला नव्हता. मी त्याला जे सांगितलं होतं तेच त्यानं केलं होतं.

मग मी तीन दिवसांतले बाकीचे सगळे फोटो चाळले. नानांचा एकट्याचा दुसरा एकही नव्हता. चेहरे नोंदवले त्या संध्याकाळी नानाही स्वयंपाकघरात होते, चहा पीत. इराचं झालं, मृणालचं झालं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवून सदऱ्याची कॉलर नीट केली होती. मी पाहिलं होतं आणि कॅमेरा बंद केला होता.

सोफ्यावरून नानांनी विचारलं, "आला का बरा?"

"हो, छान आलाय," मी म्हणालो, आणि त्यातला एक त्यांच्या फोनवर पाठवला. फोनच्या इवल्या पडद्यावर धूसरपणा कळत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी मान डोलावली.

मग मी एका सॉफ्टवेअरनं तो फोटो स्पष्ट करायला घेतला. त्यानं नानांना नवे डोळे दिले. डोळे सुरेख होते, पण नानांचे नव्हते. सोमवारी सकाळी मी ग्रुपवर सीगल टाकला आणि लिहिलं, फोकस अचूक, डोळा सुटत नाही. दिवसभर अंगठे आणि टाळ्या येत राहिल्या. संध्याकाळपर्यंत मला फोन हातात धरवेना. मी मृणालला सगळं सांगितलं.

"ब्लर आला हे एक वेळ ठीक आहे," ती म्हणाली. "पण तू त्यांना छान आलाय म्हणालास? सीरियसली, प्रसाद?"

मी नानांच्या खोलीत गेलो. ते पलंगावर बसून अंगठ्याची पट्टी बदलत होते.

"नाना, तुमचा फोटो बिघडला आहे. काल मी खोटं बोललो."

"माहीत आहे मला." त्यांनी पट्टी नीट दाबली. "इरानं कालच दोन बोटांनी मोठा करून दाखवला. म्हटलं, तुम्हाला सांगितलं तर वाईट वाटेल."

"उद्या नवा काढू. नीट. दोनदा तपासून."

"काम झालं आता." त्यांनी उशाखालून एक पाकीट काढलं. आत चार फोटोंचा कागद होता. दुपारी इराला शाळेतून आणताना सुपरमार्केटच्या दारातल्या पासपोर्ट फोटोच्या मशीनमध्ये ते बसले होते. बटणं इरानं दाबली होती. "हसू देत नाही ते मशीन. चष्माही काढायला लावला. पण बरा आहे, नाही का?"

"बरा आहे," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी नानांनी त्या चारांतला एक फोटो कापून माझ्या हातात दिला. "एक तुमच्याजवळ असू द्या. ऐनवेळी सापडला पाहिजे." मुलीकडे नाही, माझ्याकडे दिला. मी तो घेतला आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर थाप मारली, अंगठा अजून थोडा ताठ होता.

परतीच्या ट्राममध्ये इरा मृणालच्या कुशीत झोपली. मी फोटो बाहेर काढला. सपाट प्रकाश, पांढरी भिंत, चष्म्याशिवायचा चेहरा. डाव्या भुवईला मधोमध छेद देणारा एक जुना व्रण होता, चांगला बोटभर लांब.

"हा व्रण कधीचा?" मी मृणालला विचारलं.

तिनं फोटोकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मी लहान होते तेव्हापासून आहे तो," ती म्हणाली. "आपल्या लग्नातही होता."