नकाशात न दिसलेला लूप

लोर्ना टुलॉकला संस्थेने काढून टाकलं नाही. तिचा करार संपला आणि तो पुढे वाढवला गेला नाही, असं म्हणायचं असतं. हे वाक्य मी आमच्या डनीडन शहरात इतक्या जणांच्या तोंडून, इतक्या सौम्य आवाजात ऐकलं की शेवटी भाजीच्या दुकानात एका गृहस्थाला म्हणाले, "मग मलाही नाटक कंपनीने कधी काढलं नाही. मला फक्त भूमिका मिळेनाशा झाल्या." तो बिचारा हातातला फ्लॉवर घेऊन पुढे सरकला.

लोर्ना माझ्या घराच्या खालच्या मजल्यावर राहायची. मूळची मटाऊरा गावची, बाप मांसाच्या कारखान्यात. दिवसा ती बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या संशोधन संस्थेत काम करी आणि संध्याकाळी आमच्या थिएटरात प्रॉम्प्टर म्हणून बसे. थिएटर बंद पडेपर्यंत बसली. प्रॉम्प्टर बहुतेक घाबरट असतात. नट जरा गप्प झाला की विंगेतून वाक्य फेकतात आणि प्रवेशाचा गळा घोटतात. एकदा मी रंगमंचावर वाक्याआधी इतका वेळ थांबले की व्यवस्थापक विंगेत घामाघूम झाला. लोर्ना हलली नाही. नंतर मी विचारलं, "वाक्य का नाही दिलंस गं?"

"तुला आठवत होतं. तू फक्त श्वास घेत होतीस."

रिकामी जागा ओळखणारी माणसं फार थोडी. मी चाळीस वर्षं नाटकात काढली, मला हिच्याइतकी दुसरी भेटली नाही.

तिचं दिवसाचं काम मला समजायला वेळ लागला, पण तिने ते स्वयंपाकघरात परातीत कणीक मळता मळता समजावलं. आपल्या प्रत्येक पेशीत काही प्रथिनं असतात, त्यांना कायनेज म्हणतात. लोर्ना ज्याच्या मागे होती, ते संकटाच्या वेळी जागं होणारं. पेशीला फार उष्णता लागली, मीठ वाढलं, विष आलं, कडक उन्हाचा मार बसला, की हे कामाला लागतं. त्याचे दोन भाग. वरचा लहान, खालचा मोठा, मध्ये बिजागरी आणि बिजागरीजवळ एक खाच. खाचेत पेशीचं इंधन येऊन बसतं. हे त्यातला फॉस्फेटचा तुकडा तोडतं आणि पुढच्या प्रथिनाला चिकटवतं. मग ते पुढचं जागं होतं, ते आणखी पुढच्याला उठवतं, आणि वर्दी थेट पेशीच्या केंद्रापर्यंत जाते. तिथे ठरतं, डागडुजी करून जगायचं की शेजारच्या पेशी वाचाव्यात म्हणून मुकाट्याने मरायचं.

"आणि संकट टळल्यावरही हे झोपलंच नाही तर?" मी विचारलं होतं.

"तर तुझ्या बोटांची पेरं सुजतात तसं काहीतरी होतं."

म्हणूनच मेलबर्नच्या एका औषध कंपनीला त्याला बंद ठेवणारी गोळी बनवायची होती, आणि त्यासाठी आधी त्याचा आकार हवा होता. आकार कळायला स्फटिक लागतात. हे प्रथिन काही केल्या स्फटिक होईना. कधी नुसता गाळ बसायचा. एकदा सुंदर टोकदार स्फटिक आले, सगळ्यांनी केक खाल्ला आणि मग ते साधं मीठ निघालं. शेवटी लोर्नाने माझ्या मांजराची गळून पडलेली मिशी मागून नेली. जुन्या थेंबातल्या बारीक स्फटिकांवरून मिशी फिरवायची आणि नव्या थेंबातून ओढायची, म्हणजे बी पेरल्यासारखं होतं. हे लोक खरंच असं करतात. त्या मिशीच्या रेषेवर स्फटिक उगवले.

ते मेलबर्नच्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर गेले आणि किरण स्फटिकातून जाऊन जे ठिपके उमटले त्यांवरून लोर्नाने प्रथिनाचा नकाशा काढला. त्या नकाशात अणूंची साखळी बसवत गेली. वरचा भाग बसला, खालचा बसला, खाच बसली. पण खाचेच्या तोंडाशी साखळीचा जो लूप, म्हणजे सैल वळसा असतो, ज्याच्या हालचालीवर हे प्रथिन जागं आहे की झोपलेलं हे ठरतं, नेमका तो नव्हता. नकाशा तिथे कोरा.

मला पटकन कळलं. आमच्या थिएटरातले जुने फोटो मंद दिव्यात, कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून काढलेले. त्यात खुर्च्या, खिडकी, जिना सगळं स्वच्छ दिसतं, आणि स्थिर न उभा राहिलेला नट धुक्यासारखा पुसलेला असतो. स्फटिकातही तसंच. असंख्य प्रती एकत्र दिसतात. ज्या जागी सगळ्या सारख्या, तेवढंच उमटतं. लूप प्रत्येकीत वेगळ्या जागी फडफडत होता, म्हणून उमटला नाही.

असं झालं की या धंद्याचा नियम सरळ आहे. तिथे काही बसवायचं नाही. साखळी तोडून ठेवायची. चित्रात फार तर टिंबटिंब.

रॉस बेलिंजर तिचा प्रमुख. रॉस वाईट माणूस नाही, असं सगळे मला सांगतात. रंगमंचावर मी पुष्कळ वाईट माणसं पाहिली, त्यांतला एकही स्वतःला वाईट समजत नव्हता. एका रविवारी दुपारी तो टेकडी चढून माझ्या स्वयंपाकघरात आला, कारण लोर्ना तिथे चहा पीत बसली होती. संगणकात त्याने स्वतःच तो लूप रेखून ठेवला होता, तांबडा भडक.

"लोर्ना, साखळी हवेतून उडी मारत नाही. कुठून तरी जातेच ना ती?"

"जातेच. कुठून ते मला माहीत नाही."

"याच्या भावंड प्रथिनांमध्ये ती खाचेवर आडवी पडते. दाराच्या कडीसारखी. इथेही तशीच असणार."

"असेल. मग 'असेल' असं लिही. पाहिल्यासारखी काढतोस कशाला?"

"टिंबटिंब बघून मेलबर्नवाले गोळी कशावर बेतणार?"

"तेच म्हणते मी. कुणी न पाहिलेली कडी धरून ठेवायची गोळी बेतत बसतील बिचारे."

"संगणकाच्या तपासणीतून पास झालंय ते."

"तपासणीत त्या तुकड्यावर लाल रेघा आल्यात, रॉस. त्या पानापर्यंत तू पोचलाच नाहीस."

तो माझ्याकडे वळला. "पर्ल, तू तरी सांग हिला. प्रेक्षकांना पडद्यामागचं सगळं दाखवता का तुम्ही?"

"नाटकाला येणाऱ्याला ठाऊक असतं, रॉस, की आपण नाटकाला आलोय."

तो हसला. हसणं त्याला छान जमतं. मी भाजलेला एक स्कोन, छोटा गोल पाव, उचलून कोट चढवताना दाराशी म्हणाला, "डिसेंबरात तुझा करार संपतोय. तोवर ही कडी बसली तर वरच्यांना सांगायला मला सोपं जाईल. हे मी मित्र म्हणून सांगतोय."

"मित्र म्हणून आलायस तर बटर लावून घे त्याला. कोरडा आहे."

दार बंद झालं आणि तिने गार झालेला चहा सिंकमध्ये ओतला. पन्नाशीच्या बाईला, जिला दरवर्षी नव्याने राहू द्या म्हणून विनवावं लागतं, तिला हे असं सांगायचं, आणि तेही माझा स्कोन खात.

प्रथिनांचे आकार जगभरच्या लोकांना पाहता यावेत म्हणून एका सार्वजनिक कोठारात ठेवतात. हे काम ज्याने नकाशा भरला त्याच्याकडेच असतं. लोर्नाने आपली साखळी ठेवली, तुटलेली, आणि सोबत सगळी मोजमापंही ठेवली, म्हणजे कुणालाही ताडून पाहता यावं. शेऱ्यात लिहिलं, या भागाचं काही दिसलं नाही. रॉसला आता वेगळं काही छापणं शक्य नव्हतं. या आकारावरचा त्यांचा शोधलेख मोठ्या मासिकाऐवजी साध्या मासिकात गेला. मेलबर्नहून अतिशय सभ्य भाषेत नकार आला. डिसेंबर आला.

लोक मला विचारतात, "मग शेवटी लोर्नाचं बरोबर निघालं का?" या प्रश्नाने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. निघायचं काय त्यात? तो लूप अजून कुणी पाहिलेला नाही. उद्या कुणी पाहील आणि तो रॉस म्हणाला तसाच आडवा पडलेला असेलही. तरी तिच्या नकाशात तो नव्हता. जे दिसलं नाही ते दिसलं नाही, एवढं म्हणायला माणसाला नोकरी का गमवावी लागते?

निरोपाला संस्थेच्या चहाच्या खोलीत मलाही बोलावलं होतं. भाजलेले चीज रोल, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. रॉसने भाषण केलं. "लोर्नाच्या अपेक्षा नेहमीच फार उंच असतात," असं तो दुखवट्याच्या सुरात म्हणाला आणि सगळे कपात पाहू लागले. माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मी उठलेही होते. लोर्नाने माझी बाही ओढली. "बस गं. रोल गार होतायत."

मग रॉस बशी घेऊन आमच्याकडे आला. तुझ्याशिवाय इथे कुणाच्या हातून स्फटिक येत नाहीत, म्हणाला. शनिवारी येऊन नव्या माणसांना दाखवशील का? काही लाजबीज नाही. मी लोर्नाकडे पाहिलं. आता तरी ही त्याला सुनावेल असं वाटलं.

"एकट्याचे लावायचे, की पुढच्या प्रथिनाबरोबर जोडीने?" तिने विचारलं.

"जोडीने. जमलं तर."

"मग मीठ कमी करावं लागेल. आणि थंडीत ठेवू नका, मागे त्याचा चिखल झाला होता."

आणि दोघं उभ्या उभ्या मीठ आणि थंडी यांवर बोलत राहिले, जणू मधे काही घडलंच नव्हतं. माझ्या हातातला रोल मी तसाच ठेवून दिला.

परत येताना चढावर मला थांबावं लागलं. दम लागला होता, आणि रागही मावत नव्हता.

"तू जाणार आहेस शनिवारी?"

"जाणार."

"त्या माणसासाठी?"

"त्याच्यासाठी कशाला? जोडीदार समोर असला तर लूप कदाचित एका जागी बसेल, पर्ल. कुठे बसतो ते बघायचंय मला."

"आणि रॉस म्हणाला तसाच बसला तर?"

तिने क्षणभर विचार केला. खरंच विचार केला.

"तर मी काढीन की. दिसल्यावर."

शनिवारी सकाळी तिची गाडी उतारावरून खाली जाताना ऐकली. मी सिंकपाशी उभी होते. त्या दिवशी बशा जरा जोरातच धुतल्या गेल्या.